कमी गोडाची पौष्टिक वडी

ठाकुरद्वारच्या नाक्यावरून पोर्तुगीज चर्चकडे जातांना गिरगांवांतील एखाद्या किराण्याच्या दुकानांत डोकावलें, तर फळीवर दोन पिढ्यांचा खाऊ शेजारीं शेजारीं मांडलेला दिसतो. एका बाजूस शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू आणि तिळाच्या वड्या; दुसऱ्या बाजूस चकचकीत वेष्टनांतील ‘ग्रॅनोला बार’. पहिल्याची किंमत थोडी आणि प्रतिष्ठा बेताची. दुसऱ्याची किंमत पुष्कळ आणि वेष्टनावर आरोग्य, शक्ति व धान्य या शब्दांची आरास. वस्तुतः दोहोंची जात एकच आहे. भाजलेलें धान्य किंवा दाणे एखाद्या गोड, चिकट पदार्थानें एकत्र बांधावयाचे आणि त्यांचे तुकडे पाडावयाचे, ही कृति दोन्हीकडे समान आहे. आणि साखरेचा प्रश्नहि दोन्हीकडे समान आहे. हा प्रश्न घरच्या स्वयंपाकघरांत कसा सोडवितां येतो, आणि ‘गूळ निम्मा घाला’ एवढेंच सांगून तो कां सुटत नाहीं, हें समजून घेण्यासारखें आहे.

ग्रॅनोला हें नांव अमेरिकेंतलें. न्यूयॉर्क राज्यांतील डॅन्सव्हिल येथील आरोग्यधामाचे चालक डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांनीं १८६३ मध्यें कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचे थर भाजले, त्यांचा चुरा केला, तो पुन्हां भाजला आणि त्यास ‘ग्रॅन्यूला’ असें नांव दिलें. तो चुरा इतका कठीण असे कीं, रात्रभर भिजविल्यावांचून खातां येत नसे. पुढें बॅटल क्रीक येथील आरोग्यधामाचे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनीं तसाच पदार्थ तयार केला आणि नांवांत किंचित् फरक करून त्यास ‘ग्रॅनोला’ म्हटलें. रोग्यांच्या पथ्यासाठीं निघालेला हा पदार्थ सुमारें शतकभरानें वडीच्या रूपानें बाजारांत पसरला, तेव्हां तो बांधण्यासाठीं पाकाची गरज पडली आणि पथ्याच्या पदार्थांत साखर शिरली.

इकडच्या वड्यांचाहि अमेरिकेशीं संबंध आहे. शेंगदाणा आणि राजगिरा हीं दोन्ही मूळचीं त्याच खंडांतलीं. मेक्सिको देशांत राजगिऱ्याच्या लाह्या मधांत किंवा पाकांत बांधून ‘अलेग्रिया’ नांवाची वडी करतात. ती उपासाच्या राजगिरा-वडीची सख्खी बहीणच म्हणावी लागेल. तेव्हां ग्रॅनोला बार परका आणि चिक्की घरची, हा भेद वेष्टनापुरताच उरतो.

साखर कमी करण्याचा विचार निव्वळ हौसेचा नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साह्यानें देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशांतील प्रौढांपैकीं ११.४ टक्के लोकांस मधुमेह असून त्यांची संख्या सुमारें १० कोटी १० लाख भरते, आणखी १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. खेड्यांपेक्षां शहरांत हें प्रमाण बरेंच अधिक आढळलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ मध्यें असा सल्ला दिला कीं, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकीं दहा टक्क्यांहून कमी उष्मांक ‘मोकळ्या’ साखरेंतून यावे, आणि ते पांच टक्क्यांच्या आंत ठेवतां आले तर अधिक चांगलें. दोन हजार उष्मांकांचा आहार धरला तर ही मर्यादा ५० ग्रॅम, आणि अधिक चांगली मर्यादा २५ ग्रॅम होते. मोकळी साखर म्हणजे वरून घातलेली साखर व गूळ, तसेंच मध, पाक आणि फळांचा रस यांतील साखर. सबंध फळांतील साखर हिच्यांत धरलेली नाहीं. दोन वेळच्या चहांत दोन दोन चमचे साखर घेणाऱ्या माणसाचे सुमारें २० ग्रॅम चहांतच खर्ची पडतात. त्यावर पांचच्या भुकेला दोन चिक्क्या खाल्ल्या, म्हणजे २५ ग्रॅमांची मर्यादा केव्हां ओलांडली हें कळतहि नाहीं.

वेष्टनावरचे शब्द या बाबतींत फारसे उपयोगी पडत नाहींत. उपयोगी पडते ती मागच्या बाजूची बारीक अक्षरांतील यादी. भारतांतील अन्नविषयक नियमांनुसार वेष्टनावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावे लागतात. ओट्स हें नांव पहिलें आलें म्हणजे वडी ओट्सचीच, असा समज होतो. परंतु त्याच यादींत पुढें साखर, ग्लुकोजचा पाक, मध, ब्राऊन शुगर अशीं नांवें वेगवेगळीं विखुरलेलीं असतात. तीं एकत्र जमविलीं तर कधीं कधीं तीं ओट्सलाहि मागें टाकतात. म्हणून पोषणाच्या कोष्टकांतील ‘एकूण साखर’ आणि ‘वरून घातलेली साखर’ हे दोन आंकडे पाहावे आणि ते शंभर ग्रॅमांस आहेत कीं एका वडीस आहेत, याची खात्री करून घ्यावी.

आतां घरच्या वडीकडे वळूं जातां पहिली अडचण ही येते कीं, गूळ निम्मा केला म्हणजे चिक्की निम्मी गोड होत नाहीं. ती मुळीं होतच नाहीं. दाणे सुटे राहतात, आणि थाळ्यांत वडीऐवजीं चुरा हातीं येतो. याचें कारण असें कीं, साखर वडीमध्यें एक नव्हे, चार कामें करीत असते. ती गोडी आणते. ती दाण्यांना बांधते. ती कुरकुरीतपणा व रंग देते. आणि ती वडी टिकविते. यांतील पहिलें काम तेवढें जिभेला समजतें, म्हणून उरलेल्या तिहींचा विसर पडतो. साखर कमी करावयाची असेल, तर तिचें प्रत्येक काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोंपविलें पाहिजे.

बांधणीचें काम प्रथम पाहावें. पाणी १०० अंश सेंटिग्रेडला उकळतें. पण पाकांतलें पाणी जसजसें उडून जातें, तसतशी त्याची उष्णता वर चढते. १०५ अंशांच्या आसपास एकतारी पाक होतो, ११५ च्या सुमारास थंड पाण्यांत त्याची मऊ गोळी वळते, आणि १५० अंशांजवळ पोंचला म्हणजे पाण्यांत टाकलेला थेंब कडक होऊन मट्‌कन तुटतो. चिक्कीला हा शेवटचा पाक लागतो. त्यांत पाणी जवळजवळ उरलेलेंच नसतें. निवल्यावर तो कांचेसारखा घट्ट होतो आणि दाण्यांना धरून ठेवतो. प्रत्येक दाण्याभोंवतीं ही कांच बसावयाची, म्हणून दाणे व गूळ जवळजवळ समसमान घ्यावे लागतात. म्हणजे कडक पाकाची वडी करावयाची आणि गूळहि फार कमी घालावयाचा, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहींत. कमी गोडाची वडी ही मऊ बांधणीचीच असावी लागते.

मऊ बांधणीसाठीं तीन वस्तु घरांत सहज मिळतात. पहिली खजूर. बिया काढलेल्या खजुरांत सुमारें पासष्ट टक्के साखर, वीस टक्के पाणी आणि सात-आठ टक्के चोथा असतो. कुसकरल्यावर त्याचा चिकट गोळा होतो. दुसरी वस्तु जवस. अळीव भिजविले असतां त्यांच्याभोंवतीं जसा बुळबुळीत थर येतो, तसाच गुण जवसाच्या सालींत आहे; त्याची पूड पाण्यांत कालवून ठेवली म्हणजे ती तार धरते. तिसरी वस्तु भाजलेल्या दाण्यांचा लगदा. दाणे मिक्सरमध्यें फिरवीत राहिलें म्हणजे आधीं कूट होतें, मग त्याचा गोळा होऊं लागतो, आणि शेवटीं तेल सुटून तो लोण्यासारखा सैल होतो. हा लगदा धान्याच्या कणांमधील फटी भरून काढतो.

खजुराविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. खजूर घातला म्हणजे ‘साखर नाहीं’ असें होत नाहीं. सबंध खजूर चावून खातांना त्यांतील साखर चोथ्याबरोबर सावकाश मोकळी होते. तोच वाटून लगदा केला कीं, हा फरक कमी होतो. ब्रिटनमध्यें तर वाटलेल्या फळांतील साखर मोकळ्या साखरेंतच मोजतात. गुळाची गोष्टहि अशीच. गुळांत लोह व इतर क्षार पांढऱ्या साखरेपेक्षां अधिक असतात, हें खरें. पण त्याचा पाऊण भागाहून अधिक अंश साखरच असतो, आणि दोन ग्रॅम गुळांतून मिळणारें लोह नगण्य होय. मधाचेंहि तेंच. या वस्तूंचा खरा फायदा त्यांच्या नांवांत नसून, त्या किती थोड्या घालून काम भागतें, यांत आहे. रासायनिक गोड गोळ्यांचा मार्ग येथें उपयोगी नाहीं. त्या गोडी देतात, पण बांधीत नाहींत, आणि वजन आटोक्यांत ठेवण्यासाठीं त्यांचा आधार घेऊं नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ मध्यें दिला आहे.

सोळा वड्यांसाठीं पुढील प्रमाण घ्यावें. ओट्स ९० ग्रॅम. शेंगदाणे १३० ग्रॅम. तीळ ३० ग्रॅम. राजगिऱ्याच्या लाह्या १५ ग्रॅम. जवस २० ग्रॅम. बिनबियांचा मऊ खजूर १२० ग्रॅम. चिरलेला गूळ ३० ग्रॅम. चार वेलदोड्यांची पूड, चिमूटभर सुंठ आणि चिमूटभर मीठ. ओट्स नको असतील तर नागपंचमीला फोडतात तशा ज्वारीच्या लाह्या जाडसर भरडून घ्याव्या. पातळ पोहेहि चालतात, परंतु त्यांत चोथा कमी असतो. शेंगदाणे मात्र निवडून घ्यावे. बुरशी आलेले, काळवंडलेले किंवा सुरकुतलेले दाणे टाकून द्यावे. अशा दाण्यांवरील बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें यकृतास घातक विष तयार होतें आणि तें घरच्या भाजण्यानें पूर्णपणें नाहींसें होत नाहीं.

प्रथम ओट्स मंद आंचेवर सात-आठ मिनिटें खमंग भाजावे. तीळ वेगळे भाजावे, आणि ते तडतडूं लागतांच उतरवावे. दाणे भाजून त्यांचीं सालें काढावीं. त्यांपैकीं ५० ग्रॅम दाण्यांचें जाडसर कूट करावें व ८० ग्रॅम दाणे गरम असतांनाच वाटून त्यांचा लगदा करावा. भाजण्याच्या कामीं घाई करूं नये. गोडी कमी केल्यानें जी उणीव भासते, ती बव्हंशीं या खमंगपणानें भरून निघते; वेलदोडा, सुंठ आणि मिठाची चिमूट यांचें प्रयोजनहि तेंच. साखरेचें पहिलें काम अशा रीतीनें वाटून दिलें जातें.

जवस न भाजतां बारीक दळून चार मोठे चमचे पाण्यांत पंधरा मिनिटें कालवून ठेवावें. खजूर चिरून दोन मोठे चमचे गरम पाण्यांत तितकाच वेळ भिजवावा आणि हातानें किंवा मिक्सरमध्यें कुसकरावा. नंतर जाड बुडाच्या कढईंत खजूर, गूळ व जवस एकत्र करून मंद आंचेवर सहा-सात मिनिटें ढवळावें. येथें पाक करावयाचा नाहीं. मिश्रण कढईच्या कडा सोडून एका गोळ्यांत फिरूं लागलें कीं पुरे. कढई खालीं उतरवून आधीं दाण्यांचा लगदा, मग ओट्स, कूट व तीळ, आणि सर्वांत शेवटीं लाह्या मिसळाव्या. लाह्या आधीं घातल्यास त्या ओल धरून बसतात.

मिश्रण कोंबट असतांनाच, सुमारें २० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या तूप लावलेल्या थाळ्यांत तें ओतावें आणि वाटीच्या बुडानें सर्व बाजूंनीं घट्ट दाबावें. दाबणें हा या कृतींतील कळीचा भाग होय. कडक पाक फटी ओलांडूनहि दाण्यांना धरतो. मऊ बांधणीला ती शक्ति नसते, म्हणून कण एकमेकांस भिडलेच पाहिजेत. मोठे ओट्स, मध्यम कूट आणि बारीक तीळ असें तीन आकारांचें मिश्रण घेण्याचें कारणहि हेंच: बारीक कण मोठ्यांच्या फटींत बसतात आणि थर भक्कम होतो. तासभर निवूं देऊन मग धारदार सुरीनें सोळा लांबट वड्या कापाव्या.

कुरकुरीतपणाचें काम आंचेकडे सोंपवावें. चाळींतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत भट्टी क्वचितच असते. तिची गरजहि नाहीं. जाड तवा अगदीं मंद आंचेवर ठेवून वड्या प्रत्येक बाजूनें सहा-सात मिनिटें शेकाव्या आणि उलथण्यानें हळुवार उलटाव्या. वरचा थर कोरडा होऊन किंचित् खुसखुशीत होतो. आंतून वडी मऊच राहते. भट्टी असेल त्या घरीं १५० अंशांवर वीस मिनिटें पुरतात. वडी कापतांना चुरा होत असेल, तर दाब कमी पडला किंवा खजूर फार कोरडा होता असें समजावें. हाताला चिकटत असेल, तर कढईंत पाणी पुरतें आटलें नव्हतें.

साखरेचें चौथें काम, म्हणजे टिकविण्याचें, कोणा पदार्थाकडे पूर्णपणें सोंपवितां येत नाहीं, आणि ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. दाट साखर पाणी धरून ठेवते; जंतूंना व बुरशीला वाढण्यास लागणारें पाणी त्यामुळें मोकळें मिळत नाहीं. म्हणूनच लोणावळ्याची चिक्की आठवडेच्या आठवडे टिकते. मात्र तीच साखर हवेंतील ओलहि ओढते. जुलै महिन्यांत मुंबईच्या हवेंतील दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर गेला म्हणजे उघडी राहिलेली चिक्की घामेजून चिकट होते. कमी गोडाच्या मऊ वडीस ओलीपेक्षां बुरशीचें भय अधिक. त्यामुळें ती थंडीच्या दिवसांत घट्ट झांकणाच्या डब्यांत तीन दिवसांहून अधिक बाहेर ठेवूं नये. एरव्हीं, आणि पावसाळ्यांत तर पहिल्या दिवसापासूनच, शीतकपाटांत ठेवावी व आठ-दहा दिवसांत संपवावी. दळलेल्या जवसाला खवट वास लवकर येतो, हेंहि थोड्या थोड्या वड्या करण्याचें एक कारण आहे. दिवाळीच्या फराळासारखे डबे भरून ठेवण्याचा हा पदार्थ नव्हे.

एवढ्या खटाटोपानें काय साधतें, याचा हिशेब मांडून पाहावा. एक वडी सुमारें २७ ग्रॅमांची भरते. तींत खजूर, गूळ व दाणे यांतील मिळून साखर सुमारें ७ ग्रॅम असते, आणि वरून घातलेला गूळ दोन ग्रॅमांच्या आंतच असतो. तेवढ्याच वजनाच्या, समसमान प्रमाणाच्या चिक्कींत साडेतेरा ग्रॅम गूळ असतो. म्हणजे एकूण साखर जवळजवळ निम्म्यावर येते, आणि गूळ तर सातव्या हिश्श्यावर. शिवाय प्रत्येक वडींत साडेतीन ग्रॅमांहून अधिक प्रथिनें आणि दोन ग्रॅमांहून अधिक चोथा मिळतो.

परंतु उष्मांकांचा हिशेब केला, तर निराळेंच चित्र दिसतें. या वडीचे उष्मांक सुमारें ११५ ते १२० भरतात, आणि तेवढ्याच चिक्कीचे सुमारें १३०. फरक थोडाच, कारण दाणे, तीळ व जवस यांतील तेलाचे उष्मांक साखरेच्या दुपटीहून अधिक असतात. साखर कमी केली म्हणून तीन वड्या खाल्ल्या, तर वजनाच्या दृष्टीनें कांहींच कमावलें नाहीं असें होईल. पांचच्या भुकेला एक वडी आणि बरोबर बिनसाखरेचें ताक किंवा एखादें फळ, एवढें प्रमाण योग्य होय. मधुमेह असलेल्यांनीं हा पदार्थ औषध समजूं नये. तो इतर खाण्याच्या ऐवजीं, मोजून आणि आपल्या डॉक्टरांस विचारूनच घ्यावा. खजूर दांतांस चिकटतो, म्हणून मुलांस वडी दिल्यावर चूळ भरावयास लावावी. अगदीं लहान मुलांसाठीं दाण्यांचें कूट बारीकच करावें, आणि शेंगदाणे किंवा तीळ ज्यांना सोसत नाहींत त्यांना ही वडी देऊं नये.

उरला प्रश्न जिभेचा. घरांतील मुलें पहिल्या दिवशीं ही वडी अळणी म्हणतील, हें गृहीत धरावें. गोडीची संवय ही हळूहळू लागलेली असते आणि ती हळूहळूच सुटते. म्हणून पहिल्या खेपेस गूळ ३० ऐवजीं ५० ग्रॅम घेतला तरी हरकत नाहीं. पुढच्या खेपेस ४०, मग ३०, आणि कांहीं आठवड्यांनीं २० असें उतरत यावें. बांधणी खजूर, जवस व दाण्यांच्या लगद्यावर उभी असल्यामुळें गूळ कमी झाल्यानें वडी मोडत नाहीं. हाच या पद्धतीचा मोठा लाभ. चिक्कींत गूळ कमी करणें गृहिणीच्या हातीं नसतें, तें पाकाच्या हातीं असतें. या वडींत मात्र तें सर्वस्वीं तिच्या हातीं राहतें. संक्रांतीला चिक्की अवश्य करावी आणि ती पुरेपूर गोडच करावी. सणाच्या गोडानें कोणाचें बिघडत नाहीं. बिघडतें तें रोजच्या डब्यांतल्या न मोजलेल्या गोडानें, आणि तेवढें मोजण्यास एक तराजू व थोडें लक्ष पुरेसें आहे.